आक्काचं गुपित : एका प्रेमकादंबरीच्या हस्तलिखिताचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका हस्तलिखिताचं आहे. लेखिका कोल्हापूरजवळच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये शिकवतात आणि ही त्यांची पहिलीच कादंबरी. छापायला देण्याआधी कुणीतरी हातचं न राखता वाचावी म्हणून त्यांनी ती माझ्याकडे आणली. हस्तलिखितं वाचणं आणि लेखकासोबत बसून त्यांवर काम करणं हा माझा व्यवसाय आहे. लेखिकेच्या संमतीनं, त्यांचं आणि कादंबरीचं नाव न घेता मी हे लिहिते आहे. घरातलं गुपित आणि देवावरची श्रद्धा यांच्याभोवती प्रेमकथा रचणाऱ्याला जे प्रश्न पडायला हवेत, ते जवळजवळ सगळे या एका संहितेत समोर आले.

पहिला खर्डा

कथा २०१९ सालची. नायिका सव्वीस वर्षांची, प्रयाग चिखलीच्या आसपासच्या नदीकाठच्या गावातली, कोल्हापुरात एका पतसंस्थेत कामाला. नायक शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पॅटर्न विभागात. दोघांचं जमतं, घरचेही राजी होतात, साखरपुड्याची तारीख धरली जाते. नायिकेच्या घरी मागच्या खोलीत आक्का राहते. ती आजोबांची बहीण, वय त्र्याहत्तर. तिच्या खोलीत परडी आहे, कवड्यांची माळ आहे आणि मंगळवार-शुक्रवार ती कडक पाळते. एक दिवस जुन्या ट्रंकेत नायिकेला पत्र सापडतं आणि कळतं, की आक्का जोगतीण, म्हणजे देवीला वाहिलेली देवदासी होती, लहानपणी तिला सौंदत्तीच्या यल्लमाला सोडलं होतं. बातमी नायकाच्या आईच्या कानावर जाते आणि लग्न मोडायला येतं. मग नोव्हेंबरचा किरणोत्सव. मावळतीची किरणं अंबाबाईच्या मुखावर पडतात, गर्दीत उभ्या असलेल्या नायकाच्या आईच्या डोळ्यांत पाणी येतं, ती नायिकेला जवळ घेते आणि कथा संपते.

लेखिकेची भाषा चांगली होती. पाण्याचं, उसाचं, घाटावरच्या संध्याकाळचं वर्णन तर फारच छान. तरीही संहिता हातात धरून मी बराच वेळ अस्वस्थ होते. प्रेरणादायी प्रेमकथा वाचकाला दोन वचनं देते. प्रेम तगेल हे एक, आणि शेवटी माणसाचा विश्वास पहिल्यापेक्षा खोल झालेला असेल हे दुसरं. इथं प्रेम तगलं होतं. विश्वास मात्र कुणाचाच खोल झाला नव्हता. देवीनं येऊन काम उरकून टाकलं होतं आणि माणसांना काहीच करावं लागलं नव्हतं.

गुपित नेमकं कशाचं

पहिल्या बैठकीत मी एकच प्रश्न धरून बसले. हे घर नक्की काय लपवतंय? लेखिका म्हणाल्या, आक्का जोगतीण होती हे. मला ते पटेना. ज्या घरात परडी उघड्यावर आहे, जी बाई दर वर्षी कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या, म्हणजे यल्लमाच्याच, आंबील यात्रेला जाते, तिच्याबद्दल गावाला ठाऊक नसेल हे शक्यच नाही. आपल्या भागात जोगतीण दारात आली की बायका परडीत पीठ-मीठ घालतात, पाया पडतात, भंडारा लावून घेतात. त्याच बाया सोयरीक जुळवताना त्या घराचा उंबरा टाळतात. हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालतं. त्यामुळं आक्का कोण होती यात लपवण्यासारखं काही उरत नाही. तिला कुणी सोडलं, कशापायी सोडलं आणि त्यातून कुणाला काय मिळालं, हे मात्र घरं खरंच लपवतात.

या प्रश्नानं कादंबरीची दिशा बदलली. लेखिकेनं पंधरवडाभर काही लिहिलं नाही. मग त्यांनी आक्काची पूर्वकथा नव्यानं रचली. १९५४ साली आक्काचा भाऊ, म्हणजे नायिकेचे आजोबा, तापानं आजारी पडला. बापानं नवस बोलला, की पोरगा वाचला तर पोरगी देवीला देईन. पोरगा वाचला. आठ वर्षांच्या पोरीला मार्गशीर्षातल्या यात्रेला नेऊन गळ्यात मोती बांधले. विसाव्या वर्षी तिला मुलगा झाला. या मुलाला भावानं स्वतःचा म्हणून वाढवलं. तोच नायिकेचा बाप. म्हणजे मागच्या खोलीत राहणारी आक्का नायिकेची सख्खी आजी.

पहिल्यांदा हे लिहिताना लेखिकेनं भाऊ आक्कापेक्षा धाकटा ठेवला होता. मी वयं मांडून बघितली. मुलाला शाळेत घालायच्या वेळी भाऊ विशीतही नव्हता, त्याला सहा वर्षांचा मुलगा असणं गावात कुणालाही खपलं नसतं. भाऊ चार वर्षांनी थोरला केल्यावर हिशेब जुळला. पिढ्यांच्या गुपितावर लिहिणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी सगळ्यांची जन्मसालं एका कागदावर मांडावीत, असं माझं ठाम मत आहे. वाचक भावनेला क्षमा करतो, वयाला करत नाही.

ट्रंकेतलं पत्र आणि फेरफार उतारा

ट्रंकेतलं पत्र मी काढून टाकायला सांगितलं. आक्का शाळेत गेली नव्हती आणि तिच्या भोवतालचं कुणी असल्या गोष्टी पत्रात लिहिणारं नव्हतं. आपल्याकडच्या घरांची गुपितं तलाठ्याच्या दप्तरात असतात. सातबारा, वारसनोंद, हक्कसोड, शाळेचा दाखला : एवढे चार कागद शेजारी शेजारी ठेवले तर घराची अर्धी कहाणी वाचता येते.

ते कागद बाहेर यायला निमित्तही आयतंच होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. प्रयाग चिखली, आंबेवाडी पाण्याखाली गेली. पूर ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले आणि पिकाच्या नुकसानीच्या मदतीसाठी घरोघरी सातबारे शोधले जाऊ लागले. नायिकेच्या घरातले कागद भिजून लगदा झालेले, म्हणून ती नव्या नकला काढायला जाते. जमिनीवरच्या हक्कांतले बदल टिपणाऱ्या जुन्या फेरफार नोंदींत तिला पणजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद दिसते. त्यात आजोबांच्या जोडीला आक्काचंही नाव आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या वाट्यात हक्क मिळाला होता, त्यामुळं हे नाव लागणं सरळच आहे. पुढची नोंद १९७२ च्या मे महिन्यातली. आक्कानं भावाच्या लाभात हक्क सोडला.

बहिणीनं हक्क सोडणं यात नवल काहीच नाही. महाराष्ट्रातल्या किती बहिणींनी साडी-चोळीवर हक्क सोडला याची मोजदाद कोण करणार. पण नायिका पतसंस्थेत काम करते, कर्जाच्या फायली तपासताना तारखांकडे बघायची तिला सवय आहे. बापाचा शाळेचा दाखला तिनं पाहिलेला असतो. पहिलीत प्रवेश जून १९७२. बापाच्या नावाच्या रकान्यात आजोबांचं नाव.

मे महिन्यात जमीन गेली, जूनमध्ये पोराला नाव मिळालं.

लेखिकेनं हे सापडल्याचा फोन केला तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. इथं कादंबरी खऱ्या अर्थानं उभी राहिली. आक्कानं आपल्या वाट्याची जमीन देऊन मुलासाठी बापाचं नाव विकत घेतलं होतं. त्या काळी दाखल्यावर बापाचं नाव लागायचंच. देवदासीच्या मुलाला ते कुठून आणायचं हा प्रश्न त्या बायकांना रोज टोचायचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गडहिंग्लज-निपाणी भागात देवदासींची चळवळ उभी राहिली, तिच्यामागं अशा कितीतरी आयांची घुसमट होती.

कायदा नव्हता, हे खरं नव्हे

संहितेत एका जागी आजोबांच्या तोंडी वाक्य होतं, की तेव्हा कायदा नव्हता, सगळेच असं करायचे. हे वाक्य मी लाल रेघेनं अडवलं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० सालीच जोगतिणी-देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला होता. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. तिथं देवदासींच्या संरक्षणाचा १९३४ चा कायदा होता. सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यात, आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगावही मुंबई राज्यातच. म्हणजे १९५४ साली आक्काला घेऊन बाप घरातून निघाला त्या गावापासून ते सौंदत्तीच्या डोंगरापर्यंत कुठंही हे कृत्य कायद्याला धरून नव्हतं. पुढं कर्नाटकानं १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रानं २००५ मध्ये वेगळे कायदे केले, त्यामुळं आधी काहीच नव्हतं असा समज पसरला असावा.

लेखिकेनं ते वाक्य ठेवलं, फक्त त्याला उत्तर दिलं. नायकाचे वडील शाहू जयंतीच्या मिरवणुकीत दर वर्षी पुढं असतात, महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायद्यानं मान्यता दिली हे ते भाषणात सांगतात. लग्न मोडायची भाषा तेच सुरू करतात आणि कायदा नव्हता तेव्हा असं म्हणत आजोबांची बाजू घेतात. त्या वेळी त्यांचा स्वतःचा मुलगा त्यांना १९२० सालची आठवण करून देतो. या प्रसंगात नायक पहिल्यांदा माणूस वाटतो.

जातीबद्दल आमचं पूर्ण एकमत झालं नाही. देवाला सोडलेल्या मुली बहुतेक करून दलित आणि गरीब घरांतल्या होत्या. या विषयावर लिहिताना जात मोघम ठेवणं मला योग्य वाटत नाही. लेखिकेनं दोन्ही घरं एकाच जातीची ठेवली, आडनावं दिलीच नाहीत. विरोध फक्त आक्कामुळं होतो हे स्पष्ट राहावं, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. तरी संहितेतली ही एक जागा मला अजून रिकामी वाटते आणि मी तसं त्यांना लिहून दिलं आहे.

आक्का देवीवर रागावते का

पहिल्या खर्ड्यातली आक्का सगळ्यांना क्षमा करणारी, हसतमुख, जवळजवळ संत होती. अशा पात्राला वाचक नमस्कार करतो आणि विसरून जातो. मी लेखिकेला विचारलं, आक्काला कधी राग आला असेल का? भावावर, बापावर, प्रत्यक्ष यल्लमावर?

याचं उत्तर लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि संहितेतलं सर्वांत चांगलं प्रकरण त्यातून आलं. मार्गशीर्ष पौर्णिमेला, जिला लोक रांडाव पुनव म्हणतात, देवीचा पती जमदग्नी याच्या वधाची आठवण म्हणून सौंदत्तीला जोगतिणींच्या बांगड्या फोडल्या जातात. आक्का तिशीत असताना एका वर्षी हात पुढं करत नाही. बाकीच्या जोगतिणी घाबरतात, कोप होईल म्हणतात. ती बांगड्यांसकट डोंगर उतरते. त्यानंतर सौंदत्तीला कधीच जात नाही. परडी मात्र सोडत नाही. कोल्हापुरात ओढ्यावरच्या देवळात जाते, आंबील-घुगऱ्या, वडी-भाकरी, वरणं-वांग्याचा नैवेद्य नेते, दारात आलेल्याला जेवू घालते. नातीनं कारण विचारल्यावर ती म्हणते, "द्येवीनं मला मागितलं न्हवतं. माणसांनी दिलं."

याआधीच्या खर्ड्यात आक्का शुद्ध पुस्तकी बोलत होती. तिच्या तोंडी गावची बोली आल्यावर तिच्या वाक्यांची लांबी निम्म्यावर आली आणि वजन वाढलं.

श्रद्धेच्या कादंबरीत मला हेच हवं होतं. तिच्यावर अन्याय देवाच्या नावानं झाला, आणि तरी देवाशी असलेलं नातं तिनं माणसांच्या हातून काढून स्वतःकडे घेतलं. हे नातं कोणत्याही चमत्कारानं सिद्ध होत नाही. वाचणाऱ्यांपैकी दोघींनी आक्षेप घेतला, की बांगड्यांचा प्रसंग देवीचा अपमान करतो. मी तो पुन्हा वाचला. त्या प्रसंगात देवीबद्दल एक वावगा शब्द नाही. आक्षेपाचा आदर ठेवून प्रसंग जसाच्या तसा ठेवावा, असा सल्ला मी दिला आणि लेखिकेनं तो मानला.

सांगायचा हक्क कुणाचा

दुसऱ्या खर्ड्यात नायिका सगळं शोधून काढते आणि साखरपुड्याआधी नायकाच्या घरी जाऊन खरं सांगून टाकते. धाडसी प्रसंग होता, लिहिलाही जोरकस होता. पण आक्काला तिनं विचारलंच नव्हतं. जिची जमीन गेली, बालपण गेलं, जिच्या पोटच्या पोरानं आयुष्यभर तिला बापाची बहीण समजून हाक मारली, तिची कहाणीही नातीनं आपल्या लग्नासाठी वापरायची? मला हे आजोबांनी केलं त्याहून फार वेगळं वाटलं नाही, आणि मी ते याच शब्दांत सांगितलं. लेखिकेला लागलं. मग त्यांनी तो प्रसंग मोडला.

आता नायिका आधी आक्काकडं जाते. आक्का नाही म्हणते. ती नाही म्हणते हे फार महत्त्वाचं आहे. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा सौदा मोडला तर मुलाचं काय होईल ही तिची भीती आहे. नायिका गप्प राहायचं ठरवते आणि नायकाला एवढंच सांगते, की आमच्या घरात एक गोष्ट आहे, ती माझी नाही म्हणून मी सांगू शकत नाही, हे चालणार असेल तर पुढं जाऊ. आधीच्या खर्ड्यात नायक सगळं कळल्यावर लगेच "मला फरक पडत नाही" म्हणत होता. इतकं स्वस्त उत्तर देणाऱ्यावर कुणी भरवसा ठेवू नये. आता त्याला न कळलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा आहे. तो वेळ मागतो, काही दिवस फोन करत नाही. फाउंड्रीतलं त्याचं काम, साच्यात किंचित चूक राहिली तर ओतकाम वाया जाण्याची त्याची रोजची धास्ती, हे सगळं या दिवसांत येतं आणि त्याच्या स्वभावाची ओळख पटते. मग तो येतो आणि हो म्हणतो. या कादंबरीतलं प्रेम मला इथं दिसलं.

किरणोत्सव राहिला, पण उलटा. कोल्हापूरकरांना माहीत आहे, की ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरण, मग कंबर-छाती, तिसऱ्या दिवशी मुख अशी अपेक्षा असते. दर वर्षी तसं होतंच असं नाही. ढग येतात, हवेत धूळ-बाष्प असतं, वाटेतल्या इमारतींचा अडथळा होतो, आणि किरणं गुडघ्यापर्यंत किंवा कमरेपर्यंत येऊन मावळतात. नव्या खर्ड्यात तिसऱ्या दिवशी ती कमरेवरच थांबतात. गर्दी हळहळत पांगते. आक्का त्याच रात्री मुलाला समोर बसवून स्वतः सांगते.

हा पन्नाशी ओलांडलेला बाप पहिल्या खर्ड्यात जवळजवळ नव्हताच. आता त्याचा प्रसंग अकरा पानांचा आहे आणि त्यातली एक ओळही कमी करू नका असं मी सांगितलं. तो रडत नाही, मिठी मारत नाही. आधी चिडतो. ज्याला बाप समजत आला त्या मेलेल्या मामावर, जिवंत आईवर, कागद काढणाऱ्या पोरीवर. दोन दिवस आक्काच्या खोलीकडं फिरकत नाही. मग एका वकिलाकडं जाऊन विचारतो, की हक्कसोड आता रद्द होते का. इतक्या वर्षांनी ते होण्यासारखं नसतं. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या तुकडेबंदीच्या कायद्यामुळं थोडक्या क्षेत्राचा वेगळा तुकडा पाडून देणंही अडचणीचं. शेवटी तो स्वतःच्या वाट्यातून बक्षीसपत्रानं आक्काचं नाव सामाईकात लावतो. आक्का अंगठा उठवायला तयार होत नाही, म्हणते मला आता जमीन काय करायची. तो म्हणतो, तुझं होतं ते तुझ्या नावावर असू दे. प्रेरणादायी या विशेषणाला संहितेत कुठं अर्थ आला असेल तर तो सातबाऱ्यावरच्या या एका नावात, असं मला मनापासून वाटतं.

सध्याची स्थिती

तिसरा खर्डा पूर्ण आहे. लग्न होतं. नायकाचे वडील लग्नाला येतात, पण शाहू जयंतीच्या भाषणाचा त्यांचा आवेश उरलेला नाही. वाद उरला आहे तो नायकाच्या आईचा. लेखिकेच्या मते तिनं लग्नमंडपात आक्काची ओटी भरावी. वाचक त्या क्षणाची वाट बघत असतो, तो द्यावा, असं त्या म्हणतात. मला वाटतं, या बाईनं आजवर दारातल्या प्रत्येक जोगतिणीची परडी भरली आहे, पाया पडली आहे. ओटी भरणं तिला सोपं आहे. तिनं आक्काच्या शेजारी बसून एका पंगतीत जेवावं आणि नवरदेवाची आजेसासू म्हणून पाहुण्यांना तिची ओळख करून द्यावी. ते जमत नसेल तर ओटीही नको. लेखिका सध्या दोन्ही प्रकारे ते प्रकरण लिहून बघत आहेत, आणि दिवाळीनंतर आम्ही पुन्हा बसणार आहोत.